हत्ती घारापुरीचा, घोडा फोर्टातला, दोघेही राणीच्या बागेत

रविवारी लेकीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विन बघून झाले. निघताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीपाशी ती थांबली. "आई, हा फुटला होता का गं?"

हो, फुटला होता. हा हत्ती घारापुरीच्या राजबंदराजवळ उभा असायचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८१४ साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ च्या सुमारास सांधून हत्ती पुन्हा उभा केला. ज्यांनी ते तुकडे सांधले त्यांचे उपकारच मानायला हवेत.

तिथेच काळा घोडाही आहे, पाठीवर राजा एडवर्ड. १८७९ साली अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, १९६५ मध्ये फोर्टातून इथे हलवला. दोन जागांना ज्यांची नावं मिळाली ते दोन्ही प्राणी आज एकाच बागेत आहेत, याचं मला दर वेळी भरून येतं.

घोडा गेला तरी फोर्टातल्या चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, पाठीवर स्वार नसलेला. मला ते फार आवडलं. राजाला परत न बोलावता लोकांना त्यांचा घोडा मिळाला!

मग हत्तीच्या बाबतीत असं का होऊ नये? त्याला घारापुरीला परत न्या असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सांधलेला दगड आहे, पुन्हा बोटीत चढवायचा, पुन्हा साखळ्या लावायच्या, हा धोका कशाला? त्यापेक्षा राजबंदरावर आपल्या पाथरवटांकडून तशाच काळ्या दगडात, त्याच मापाचा हत्ती घडवून घ्यावा. आणि बागेतल्या हत्तीजवळ ठळक मराठीत त्याची सगळी हकीकत असावी, साखळी तुटल्याचीसुद्धा. शिल्प हलवावं लागलं तर हलवा, पण त्याच्या मूळ जागेवर त्याची आठवण ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

घरी येताना लेक म्हणाली, "मग तो उभा होता तिथे आता काय आहे?" येत्या शनिवारी गेटवेवरून लाँच पकडणार आहोत. लेणी नंतर बघू, आधी राजबंदर.