काजव्यांच्या त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा घेऊन बोलूया

मे संपत आला की तो मेसेज फिरायला लागतो, यंदा मला तीन ग्रुपवर आला. "काजवे बघायला बिनधास्त जा, वन खात्याच्या नियमांना घाबरू नका" असं वर मोठ्या अक्षरात आणि खाली मुद्दे. मी भंडारदऱ्याच्या बाजूला बरीच वर्षं जातेय, जिथं उतरते ती माणसं आता घरच्यासारखी झालीत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

"आपण नुसतं बघतो, फार तर फोटो काढतो, काजव्यांना कसला त्रास?"

खूप त्रास. काजव्याचं ते चमकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते, आणि मादी उत्तर देते तेही उजेडानेच. पंख फुटलेला काजवा जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे, त्याआधीचं जवळजवळ सगळं आयुष्य अळी होऊन ओल्या मातीत, पाचोळ्यात, गोगलगायी खाऊन काढलेलं असतं. म्हणजे जोडी जमवायला हातात मोजक्याच रात्री, आणि एकदा पावसाने जोर धरला की सगळं आटोपलं.

दोन वर्षांपूर्वी घाटघरच्या रस्त्याला आम्ही एका सादड्याच्या झाडासमोर अंधारात बसलो होतो. अख्खं झाड एका तालात पेटत होतं आणि विझत होतं, खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत लाट जावी तसं, आणि माझी भाची श्वास रोखून बघत होती. तेवढ्यात वळणावरून एक गाडी अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा प्रखर झोत, लावूनच आली, झाडासमोर थांबली, सगळे उतरले आणि दिवे तसेच चालू. झाड विझलं. अगदी एकदम. ते लोक "इथं काहीच नाहीये" म्हणत पुढे गेले, आम्ही परत वाट बघत बसलो, इकडे एक तिकडे दोन असे काजवे लुकलुकायला लागले आणि ताल जमतोय न जमतोय तोवर मागून दुसरी गाडी. शनिवारी रात्री अशा गाड्यांची रांग असते, तर त्या झाडावरच्या किती जोड्या जमल्या असतील तुम्हीच सांगा. शिवाय फोटोसाठी लोक पार बुंध्याशी जातात, आणि काजव्याच्या माद्या अंडी घालतात ती अशाच ओल्या मातीत, पाचोळ्यात. मोबाइलच्या टॉर्चमध्ये आपला पाय कशावर पडतोय ते कळतही नाही.

"काजवे कमी होतायत ते फवारणीमुळे, पर्यटकांच्या माथी मारू नका."

फवारणीचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण 2020 मध्ये जगभरातल्या काजवा-अभ्यासकांना विचारून जो आढावा छापला गेला त्यात सगळ्यात मोठे धोके तीन आले, अधिवास जाणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. यातला उजेड आपण स्वतः गाडीत घालून नेतो आणि तो आज रात्रीच बंद करता येतो.

"जितके जास्त पर्यटक, तितका आदिवासींच्या हातात पैसा."

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात चांगला वाटतो आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तोही हाच. पुणे-मुंबईहून टेम्पो ट्रॅव्हलर येतो, पॅकेजचे पैसे शहरातच भरलेले असतात, तंबू बाहेरच्याचा, जेवण केटररचं, रात्री दोनला गाडी परत. यात गावात काय राहिलं? मी ज्यांच्याकडे उतरते त्या मावशी नाचणीची भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "ताई, गाड्या लय जात्यात, पन दारात कोन येतंय? सकाळी पिशव्या, बाटल्या आमीच येचतो." गाड्या पार्क होतात त्यांच्याच खाचरात, जिथं आठ-दहा दिवसांत भाताचं रोप टाकायचं असतं.

पैसा गावात राहतो तो माणूस गावात राहिला तर, आणि पाहुणे कुणी कसे घ्यायचे हे गावाने ठरवलं तर. वेळासचं बघा ना, मंडणगड तालुक्यातलं. तिथं कासवाची अंडी लोक काढून न्यायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, 2006 पासून कासव महोत्सव, आणि बघायला येणारी माणसं राहतात गावातल्या घरांत, जेवतात त्या घरातलंच. पिल्लं समुद्रात सोडतात सकाळी नाहीतर संध्याकाळी, दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, नसेल पिल्लू निघालं तर उद्या या. लोक ऐकतात की! मग काजव्यांच्या बाबतीत ऐकायला काय होतं?

"फी आणि वेळेचं बंधन ही नुसती लूट, जंगल सगळ्यांचं आहे."

भंडारदरा, घाटघर, रतनवाडीचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 28 मध्ये अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना आणि ठरवून दिलेली फी आहे, कुणी नाक्यावर बसून मनाने काढलेला हा नियम नाही. पावती मात्र मागून घ्या, ती मिळायलाच पाहिजे.

"मग आमच्या मुलांनी काजवे बघायचेच नाहीत का?"

बघायचे, नक्की बघायचे. शनिवार-रविवार सोडून जा. बुकिंग करताना विचारा की राहायचं कुणाच्या घरी आणि जेवण कोण करणार, उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे बघा. उजेड असतानाच गावात पोचा, गाडी लावून टाका आणि यजमानांबरोबर चालत जा, टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटिन कागद लावून जमिनीकडे धरा. झाडाखाली न जाता रस्त्याच्या कडेलाच बसा. मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मुलं कुरकुर करतात, माझी भाचीही करत होती, आणि मग तीच मला हाताला धरून हळूच म्हणाली, "आत्या, बोलू नको ना."