ते युक्रेनचं फॉरवर्ड अर्धवट आहे

अमेरिकेच्या २०२४ च्या इलेक्शनच्या वेळचं एक फॉरवर्ड परत फिरायला लागलंय, की रिपब्लिकन लोकांनी एकमुखाने युक्रेनची मदत अडवली आणि बायडेनने ती एकट्या डेमोक्रॅट्सच्या जिवावर पास केली. असं नाहीये हो. मदत कित्येक महिने लटकली होती हे खरं, पण २० एप्रिल २०२४ ला हाउसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात, मतदान झालं तेव्हा ३११ विरुद्ध ११२ ने बिल पास झालं. ते सगळे ११२ रिपब्लिकनच, मान्य, पण त्याच पार्टीच्या १०१ जणांनी हो म्हटलं ना, ते का गाळता? आणि बिल मतदानाला आणलं कोणी तर रिपब्लिकन स्पीकर माइक जॉन्सनने, पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस, जो आधी स्वतःच अशा मदतीच्या विरोधात मत द्यायचा. निकाल लागला तसे डेमोक्रॅट्स सभागृहात युक्रेनचे छोटे झेंडे फडकवायला लागले, त्यावर रिपब्लिकन बाकांवरून आरडाओरडा, त्याचाच व्हिडिओ बघून बहुतेक हा समज झाला असावा. पुढे मे महिन्यात रिपब्लिकनांच्याच खासदार मार्जरी टेलर ग्रीनने जॉन्सनला हटवायचा ठराव आणला, तो ३५९ विरुद्ध ४३ ने बारगळला. म्हणजे भांडण पार्टीच्या आतलंच होतं, माजी राष्ट्राध्यक्ष रेगनच्या वळणाचे, म्हणजे मित्रदेशांना मदत करा म्हणणारे, एकीकडे आणि ‘अमेरिका फर्स्ट’वाले, म्हणजे आधी आपलं घर बघा म्हणणारे, दुसरीकडे.