प्रकल्प पळवला, पण केवढ्याला?

२०२२ च्या दिवाळीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे, अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात, फराळाला पंधरा-वीस मंडळी जमली होती. टाटा-एअरबसचा विमानांचा कारखाना वडोदऱ्याला होणार ही बातमी दोनच दिवस जुनी. त्याआधी सप्टेंबरात वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगाव सोडून गुजरातला गेला होता. चकली मोडायच्या आत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे यांनी घालवला, दुसरी म्हणे त्यांच्याच काळात गेला होता. जॉर्जियाच्या गव्हर्नरची निवडणूक दहा दिवसांवर आली होती, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. (निम्म्यांना मतदानाचा हक्कच नव्हता, हेही खरं.)

त्या शरद ऋतूत आमच्यापासून सव्वा तासावर, रटलेज नावाच्या छोट्या गावाच्या आसपास, याच विषयावर कोर्टकचेरी चालू होती. फक्त प्रश्न उलटा होता. प्रकल्प गेला कसा असं तिथे कोणी विचारत नव्हतं. आणला तो केवढ्याला, असं विचारत होते.

प्रकल्प रिव्हियनचा, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा. २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झाला. ५०० कोटी डॉलरची गुंतवणूक, ७,५०० नोकऱ्या, सुमारे २,००० एकर जागा. राज्याने देऊ केलेल्या सवलती १५० कोटी डॉलरच्या. भागाकार करा, एका नोकरीमागे दोन लाख डॉलर पडतात, म्हणजे तेव्हाच्या भावाने दीड कोटी रुपयांच्या वर. शेतकऱ्यांना विहिरींची काळजी होती. अंगणाअंगणात 'नो टू रिव्हियन'च्या पाट्या उभ्या राहिल्या. माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनी गव्हर्नर ब्रायन केम्प यांच्याविरुद्ध, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षात, हा मुद्दा करून उमेदवारीची लढत दिली आणि ते सपाटून आपटले. पण सप्टेंबर २०२२ मध्ये एका स्थानिक न्यायाधीशांनी कंपनीच्या मालमत्ता करातल्या सवलतीला मंजुरी नाकारली. पुढच्या वर्षी अपील कोर्टाने तो निकाल फिरवला.

म्हणून इथे रामराज्य आहे असं समजू नका. गावकरी जमीन वापराच्या नियमांवरून अडवतील असं दिसताच राज्याने जागाच आपल्या ताब्यात घेतली. जमीन राज्याची झाली की कौंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, नियम लागू होत नाहीत. बारसूत रिफायनरीच्या माती परीक्षणाच्या वेळी बायाबापड्या रस्त्यावर आडव्या झाल्या, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. बोलणी चालू असताना कागद उघड न करण्याची मुभाही इथल्या कायद्यात आहे. फरक एवढाच की सही झाल्यावर करार लोकांसमोर येतो. रिव्हियनचा मी वाचला. नोकऱ्या आणि गुंतवणूक कबूल केल्याच्या ८० टक्क्यांखाली गेली तर कंपनीने पैसे परत करायचे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. २०२४ च्या मार्चमध्ये कंपनीने काम थांबवलं तेव्हा त्या कलमाची किंमत मला कळली. भूमिपूजन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. आणि वेदान्त-फॉक्सकॉन? २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडलं. ज्या कारखान्यावरून फराळ कडू झाला, त्याच्या भागीदारांचंच पटलं नाही.

तरी सवलती म्हणजे लूट, असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण वेस्ट पॉइंट. आय-८५ महामार्गाने खाली जात राहिलं की अलाबामाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव लागतं. कापडगिरण्यांवर जगलेलं. गिरण्या मिटल्या आणि गाव बसलं. मग २००६ मध्ये किआ या कोरियन कंपनीने कारखाना जाहीर केला, २००९ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. राज्याने ४० कोटी डॉलरहून अधिक मोजले. तेव्हा लोकांनी अंगणात पाट्या लावल्या होत्या: किआ आमच्या गावात आणलीस, येशू, तुझे आभार. मी गेलो तेव्हा पाट्या नव्हत्या, पण जेवायला भात आणि किमची मिळाली, आणि गल्ल्यावरची गोरी आजी वाढणाऱ्या पोराला कोरियनमध्ये हाक मारत होती. माझे काका परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. त्यांच्या गिरणीच्या जागेवर टॉवर झाला. काकांनी म्हाडाच्या घराच्या अर्जाची पावती शेवटपर्यंत पत्र्याच्या ट्रंकेत जपली. वेस्ट पॉइंटला चाळीस कोटी जास्त झाले का, हे काकांच्या पुतण्याला विचारू नका.

जॉर्जियातल्याच सव्हाना शहराजवळच्या ह्युंदाईचं प्रकरण मात्र मला अजून पचलेलं नाही. तिथे ८,१०० नोकऱ्यांसाठी १८० कोटी डॉलर ठरले. कारखान्यासाठी शेजारच्या बुलक कौंटीत चार खोल विहिरी, दिवसाला ६६ लाख गॅलनपर्यंत उपसा, म्हणजे अडीच कोटी लिटर. मग ४ सप्टेंबर २०२५ ला त्याच आवारात बांधकाम चालू असलेल्या बॅटरी कारखान्यावर इमिग्रेशन खात्याची धाड पडली. ४७५ जणांना धरलं, त्यात तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे. ज्या देशाला पायघड्या घालून बोलावलं, त्याच्याच माणसांना बेड्या. आठवड्याभरात त्यांना घेऊन विमान अटलांटाहून सोलला गेलं.

त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे कोरियनांच्या बाजूने. याच गटावर चाकणच्या कारखान्यांत परप्रांतीय किती, म्हणून ८० टक्के भूमिपुत्रांचा नियम काटेकोर पाळा असं अधूनमधून कोणीतरी ठणकावतं. इथे आपण कोण आहोत, असं मी विचारलं. दोन अंगठे आले, बाकी शांतता.

२०२५ च्या जानेवारीत दावोसला महाराष्ट्राने साडेपंधरा लाख कोटींच्या वरचे सामंजस्य करार केले. आकडा मोठा म्हणून टाळ्या, कागदावरचाच म्हणून टीका. माझं म्हणणं, तो कागद तरी दाखवा. वीज कोणत्या दराने, पाणी कुठल्या धरणातून, नोकऱ्या भरल्या नाहीत तर परत काय मिळणार? विरोधकांनी हे मागावं, तर तेही पुढचा कोणता प्रकल्प पळाला याच्या शोधात.

मामेभाऊ चाकणला नोकरी करतो. रविवारी फोनवर त्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "दादा, ते ठीक आहे, पण काल तळेगाव चौकातून निघायला मला पन्नास मिनिटं लागली. ते कुठल्या करारात लिहिलंय?" मग आतून वहिनीने हाक मारली, आणि त्याने फोन ठेवला.