आल्फ्रेदोने तोतोला गावाबाहेर का काढलं?

'सिनेमा पॅरादिसो'चं नाव निघालं की लोक लगेच हळवे होतात. गावातलं जुनं थिएटर, ऑपरेटरच्या केबिनमध्ये लुडबुडणारं पोरगं, एन्निओ मोरिकोनेचं संगीत आणि शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही येतं, दर वेळी येतं. पण 'गोड आठवणींचा सिनेमा' एवढंच म्हणून कुणी त्याला निकालात काढलं की मला राग येतो. कारण या गोष्टीतला सगळ्यात शहाणा माणूस आठवणींच्या विरोधात ठाम उभा आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्युसेप्पे तोर्नातोरेचा हा १९८८ चा इटालियन सिनेमा. सिसिलीतलं एक काल्पनिक गाव, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. तोतोचे वडील रशियाच्या आघाडीवरून परतलेलेच नाहीत. चर्चमध्ये पाद्र्याच्या हाताखाली काम करणारा हा मुलगा मिळेल तेव्हा थिएटरच्या केबिनमध्ये, मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर आल्फ्रेदोच्या मागेमागे असतो. पाद्रीबुवा प्रत्येक सिनेमा आधी एकटे बसून बघतात. पडद्यावर चुंबन आलं की हातातली घंटा वाजते, आल्फ्रेदो रिळात तिथे कागद खोचून ठेवतो आणि नंतर तेवढा तुकडा कापून काढतो. ते तुकडे तोतोला हवे असतात. दुधाचे पैसे तिकिटावर घालवून आईचा मार खाणारं पोरगं आहे ते.

त्या थिएटरमधली माणसं मला फार आवडतात. बाल्कनीतून खालच्या गर्दीवर थुंकणारा तो माणूस, पुढचा संवाद आधीच पुटपुटत रडणारा प्रेक्षक. सगळं गाव एका अंधारात एकत्र बसायचं. बाहेर राहिलेल्यांना आत जागा नाही म्हणून आल्फ्रेदो एक रात्र सिनेमा चौकातल्या घराच्या भिंतीवर वळवतो. ते चित्र केबिनच्या भिंतीवरून सरकत सरकत बाहेर जातं, तेव्हा तोतोइतकेच आपणही खुळावतो. आणि त्याच रात्री रीळ पेट घेतं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. (आपल्याकडे पुण्यातही २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि जुन्या सिनेमांच्या नायट्रेट प्रती जळून गेल्या. ती बातमी आठवली की अजूनही पोटात कालवतं.) एवढासा तोतो आल्फ्रेदोला जिन्यावरून ओढत बाहेर आणतो. जीव वाचतो, डोळे जातात.

लोक आल्फ्रेदोला प्रेमळ म्हातारा म्हणून लक्षात ठेवतात. मला मात्र तो आठवतो केबिनबद्दल बोलताना. हे काम शिकू नकोस, असं तो तोतोला अगदी सुरुवातीलाच सांगतो. उन्हाळ्यात भाजून निघायचं, हिवाळ्यात गारठायचं, सणासुदीला सगळे मजेत असताना आपण एकटे मशीनपाशी, तोच सिनेमा शंभरदा बघायचा आणि बोलायला माणूस नाही म्हणून पडद्यावरच्या नटनट्यांशी बोलायचं. त्याला स्वतःच्या आयुष्याची किंमत ठाऊक आहे. म्हणून तरुण तोतो एलेनाच्या प्रेमात पोळून निघाल्यावर हाच आंधळा माणूस त्याला स्टेशनवर निरोप देताना बजावतो की परत येऊ नकोस, पत्र लिहू नकोस, मागे वळून बघू नकोस. आलास तर माझ्या घराचं दार तुला उघडणार नाही. इतकं कठोर प्रेम करायला छाती लागते. घर सोडून शिकायला, नोकरीला बाहेर पडलेल्या आपल्यातल्या किती जणांना असं स्पष्ट सांगणारं कुणी भेटलं?

तोतो ऐकतो. रोममध्ये नामवंत दिग्दर्शक होतो आणि तीस वर्षं गावाकडे फिरकत नाही. येतो तो आल्फ्रेदोच्या अंत्ययात्रेला. तो येतो तेव्हा आई वर खोलीत विणत बसलेली असते. बेल वाजते, ती उठते, लोकर तिच्या कपड्यांना अडकलेली. ती जिना उतरून खाली जाते आणि कॅमेरा वरच, भराभर उसवत जाणाऱ्या विणकामावर थांबतो. मग ते उसवणं थांबतं, आणि आपल्याला कळतं की मायलेकरं भेटली. संपूर्ण सिनेमातलं माझं सर्वांत आवडतं दृश्य हेच. पुढे आई त्याला सांगते, मी फोन केला की दर वेळी निराळी बाई उचलते, पण तुझ्यावर खरं प्रेम करणारा आवाज मला अजून ऐकू आला नाही. आल्फ्रेदोचा हिशेब कुठे चुकला, ते या माउलीने एका वाक्यात सांगितलं.

आता वादाचा मुद्दा. सिनेमा इटलीत आला तेव्हा १५५ मिनिटांचा होता आणि चालला नाही. मग तो १२४ मिनिटांवर आणला, १९८९ मध्ये कान चित्रपट महोत्सवात विशेष ज्युरी पारितोषिक आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. २००२ मध्ये आली १७३ मिनिटांची लांब आवृत्ती. तिच्यात मध्यमवयीन एलेना भेटते आणि कळतं की त्यांची ताटातूट आल्फ्रेदोने घडवली होती. ती ठरलेल्या दिवशी तोतोला भेटायला थिएटरमध्ये आली होती, निरोपही लिहून ठेवला होता, तो तोतोला तेव्हा मिळालाच नाही.

अनेकांना ही लांब आवृत्ती आवडत नाही. जादू गेली, म्हणतात. लहान आवृत्ती जास्त बांधेसूद आहे, हे मलाही मान्य. तरी मी लांब आवृत्तीच्या बाजूने आहे. लहान आवृत्तीत आल्फ्रेदो नुसता सल्ला देतो. लांब आवृत्तीत तो दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेतो, आणि तोतोला ते कळतं तेव्हा जाब द्यायला आल्फ्रेदो उरलेला नसतो. मग आल्फ्रेदोने मागे ठेवलेलं ते रीळ येतं, पाद्र्याने कापायला लावलेल्या सगळ्या चुंबनांचं. लहान आवृत्तीत ती भेट आहे. लांब आवृत्तीत मला ती माफी वाटते: ज्याने त्याचं प्रेम हिरावलं, त्यानेच जन्मभर जपून ठेवलेली इतरांची प्रेमं.

पहिल्यांदा बघणार असाल तर १२४ मिनिटांचीच बघा. लांब आवृत्ती मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन बघा. दोन्ही पाहिल्या असतील तर आल्फ्रेदो बरोबर होता का, ते खाली लिहा. मला खरंच वाचायचं आहे.