व्हिनेगरमध्ये ब्लीच घालायला सांगणारा तो संदेश

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आमच्या काकूंच्या मोबाइलवर एक संदेश आला आणि पुढच्या आठवडाभरात तोच मला आणखी तीन नातेवाइकांनी पाठवला. ‘फर्निचरसाठी शंभर टक्के नैसर्गिक क्लीनर घरीच करा’ असे त्याचे शीर्षक आहे. कृती अशी : एक कप व्हिनेगरमध्ये एक चमचा खाण्याचा सोडा घालून फेस आणावा, म्हणजे ताकद दुप्पट होते, त्यात संत्र्याच्या साली टाकाव्यात, जंतू मरावेत म्हणून एक झाकण ब्लीच ओतावे, या पाण्याने कोणतेही फर्निचर पुसावे, शेवटी लाकडाला ‘पोषण’ म्हणून जवसाचे तेल चोळावे आणि ते फडके पुढच्या वेळेसाठी पिशवीत बांधून ठेवावे.

काकूंनी माजघरातले सागवानी कपाट पुसण्यासाठी हे मिश्रण केले. माजघराला खिडकी एकच आणि तीही लहान. काही मिनिटांतच त्यांचा घसा जळू लागला, डोळ्यांना धारा लागल्या आणि चुलतभावाने त्यांना हाताला धरून अंगणात आणले. त्या आता बऱ्या आहेत, पण संदेश अजूनही फिरतो आहे.

सर्वांत आधी ब्लीचबद्दल, कारण बाकीच्या चुकांनी फर्निचर बिघडेल, या चुकीने माणूस दगावू शकतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. ते क्षारधर्मी ठेवलेले असते तोवरच टिकते. त्यात आम्ल पडले, मग ते व्हिनेगर असो, लिंबाचा रस असो की संडास धुण्याचे अॅसिड, की क्लोरीन वायू सुटतो. पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडरही आम्लात घातली तर हेच करते. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडलेला वायू हाच होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि बादलीवर वाकून कपाटाचा खालचा खण पुसणाऱ्या बाईच्या नाकाशी तो आधी पोहोचतो.

‘पण सोडा आम्ल मारतो ना?’ असे एका नातेवाइकाने मला विचारले. हिशेब करून पाहावा. अडीचशे मिलिलिटरच्या कपभर व्हिनेगरमध्ये पाच टक्क्यांनी साडेबारा ग्रॅम अॅसेटिक आम्ल असते. ते पूर्ण निष्प्रभ करायला साडेसतरा ग्रॅम सोडा लागतो. एका चमच्यात जेमतेम पाच ग्रॅम मावतो. उरलेले आम्ल ब्लीचची वाटच पाहत असते.

ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडे सफाईद्रव्ये आणि जंतुनाशके यांच्यासंबंधी ४५,५५० दूरध्वनी आले. आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ते २०.४ टक्क्यांनी जास्त होते. त्यातच एका महिलेची हकिगत आहे. तिने भाजी निर्जंतुक करण्यासाठी सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केले. तिला धाप लागली, खोकला सुरू झाला, रुग्णवाहिका बोलवावी लागली आणि रुग्णालयात प्राणवायू द्यावा लागला. काकूंच्या बादलीत यापेक्षा वेगळे काही नव्हते.

फेसाच्या ‘दुप्पट ताकदी’बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेला की सोड्याने आणि तेवढ्या आम्लाने एकमेकांना निकामी केलेले असते आणि त्यांच्यापासून उरते सोडियम अॅसिटेटचे पाणी.

जवसाच्या तेलाविषयी मात्र अर्धे सत्य मान्य केले पाहिजे. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून खोबरेल किंवा मोहरीच्या तेलासारखे चिकट राहून धूळ धरत नाही, आणि लाकूडकामात ते पूर्वापार वापरले जाते. पण त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. लाकडावरच्या पातळ थरातून ती निघून जाते. पिशवीत कोंबलेल्या फडक्यात ती साठत जाते आणि काडी न लावता फडके पेट घेऊ शकते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत लागलेली आग अशाच, जवसतेलाने भिजलेल्या फडक्यांपासून सुरू झाली आणि तीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा जीव गेला. ती फिलाडेल्फियाची थंडी होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जवस तर विदर्भात घरोघरी चटणीला असतो. असे फडके बाहेर मोकळ्यावर, एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावे, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावे.

संत्र्याच्या सालीतील तेल चिकटपणा सोडवते, हेही खरे. स्वयंपाकघरातील सनमायकाच्या तेलकट दारांवर साली मुरवलेले व्हिनेगर, ब्लीचशिवाय, चालू शकेल. संगमरवरी टेबलावर ते चालणार नाही, कारण आम्लाने दगडाची झिलई कायमची जाते. लाखेचे स्पिरिट पॉलिश केलेल्या जुन्या सागवानाला तर ओले फडकेच सोसत नाही, आणि क्षाराने लाख मऊ पडते. त्यासाठी सुती कापड घट्ट पिळून, रेषांच्या दिशेने एकदा फिरवावे आणि लगेच कोरड्याने पुसावे, एवढे पुरते.

चुकून असे मिश्रण झालेच, तर बादली उचलण्याच्या भानगडीत न पडता आधी स्वतः मोकळ्या हवेत यावे, डोळे साध्या पाण्याने भरपूर धुवावेत आणि धाप लागत असेल तर तडक १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काकूंच्या कपाटाच्या डाव्या दारावर आता वीतभर पांढरा चट्टा आहे. सुताराने पाहिला, जुने पॉलिश खरवडून पूर्ण दार नव्याने करावे लागेल, असे तो म्हणाला.