मानसशास्त्रात पीएचडी ‘घरच्या पैशांनीच’? एका संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातील एम.ए. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : मानसशास्त्रात पीएचडी करायची तर घरचे पैसे हवेत, कारण अधिछात्रवृत्ती (संशोधन करताना दरमहा मिळणारी फेलोशिप) विज्ञान शाखेलाच मिळते, मिळालीच तर नेट-सेट (राष्ट्रीय व राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) झालेल्यांनाच मिळते, वयाची तिशी उलटली की विषय संपला, आणि परदेशात जायचे तर पन्नास लाख बाजूला काढून ठेवावेत. हा संदेश वाचून पदव्युत्तर पदवीनंतर संशोधनाचा विचार सोडून दिलेल्या दोन विद्यार्थिनी मला भेटल्या, म्हणून हा खुलासा.

पहिले विधान बहुधा दोन परीक्षांच्या घोळातून आले असावे. सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची, नेट ही विज्ञान विषयांची परीक्षा असून तीत मानसशास्त्र नाही. मात्र यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नेटमध्ये ते स्वतंत्र विषय म्हणून आहे आणि त्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे आपण ज्याला जेआरएफ म्हणतो ती, मिळते. 1 जानेवारी 2023 पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढची तीन वर्षे दरमहा 42,000 रुपये असा आहे. पाच वर्षांचा हिशेब केला तर ही रक्कम 24 लाख रुपये होते, आणि घरभाडे भत्ता त्याखेरीज मिळतो (या भत्त्यासाठीच्या शहरांच्या वर्गवारीत नागपूर ‘वाय’, म्हणजे दुसऱ्या वर्गात असल्यामुळे तो पुण्या-मुंबईपेक्षा कमी दराने मिळतो, ही खंत आपल्याकडे नेहमीची आहे). विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही मूळ दर हाच आहे.

दुसऱ्या विधानात नेट आणि सेट यांना एकाच दावणीला बांधले आहे, आणि माझ्या मते संपूर्ण संदेशात सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे. महाराष्ट्राची सेट परीक्षा सहायक प्राध्यापकपदाची पात्रता देते. तिच्यातून अधिछात्रवृत्ती मिळत नाही. नेट उत्तीर्ण होणे म्हणजेही जेआरएफ मिळणे नव्हे, कारण जून 2024 पासून निकाल तीन स्तरांवर लागतो : जेआरएफसह पात्रता, सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेशाची पात्रता, आणि केवळ पीएचडी प्रवेशाची पात्रता. यांपैकी पैसा पहिल्याच स्तराला मिळतो. मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते, ही मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याबद्दल संदेशात चकार शब्द नाही.

परंतु जेआरएफ हुकली म्हणून सगळेच हुकले, असे नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, पीएचडीसाठी नोंदणी झालेल्या संशोधकांना दरमहा 20,000 रुपयांची अधिछात्रवृत्ती दोन वर्षे देते आणि मानसशास्त्र तिच्या कक्षेत येते. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्थांच्या योजना आहेत. यांपैकी महाज्योतीचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. तरीही तिच्या जाहिरातीची बातमी आपल्याकडच्या विद्यार्थ्याला अर्जाची मुदत संपल्यावर पुण्यातल्या मित्राकडून कळते, असे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. या योजनांतील जागा आणि निवडीची पद्धत बदलत आली आहे, त्यामुळे मागच्या वर्षीच्या सल्ल्यावर विसंबू नये. हे पैसे महिनोन्महिने रखडतात, ही तक्रार रास्त आहे आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली आहेत. परंतु उशिरा मिळणे आणि न मिळणे यांत फरक आहे.

आणखी एक वाट आयआयटींची आहे. त्यांच्या मानव्यविद्या विभागांत मानसशास्त्रातील पीएचडी होते, तिला संस्थेकडून विद्यावेतन मिळते, आणि 2021 पासून गेट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे या प्रश्नपत्रिकेत मानसशास्त्राचा विभागही आहे.

तिशीच्या मर्यादेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती जेआरएफपुरती आहे. महिलांना तसेच इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तीत पाच वर्षांची सवलत आहे, आणि पीएचडी प्रवेशाच्या पात्रतेला वयाची अट नाही.

पन्नास लाखांचा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत पदव्युत्तर पदवी आणि सायडी ही व्यवसायाभिमुख डॉक्टरेट बहुतांशी स्वखर्चाने करावी लागते. मात्र तेथील संशोधन विद्यापीठांतील मानसशास्त्राच्या पीएचडीत शुल्कमाफी आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या बदल्यात विद्यावेतन हीच रूढ पद्धत आहे, तर नेदरलँड्स आणि जर्मनीत पीएचडी करणारा अनेकदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारीच असतो. तेथे स्पर्धा अतिशय तीव्र आहे, हे सांगितलेच पाहिजे. पण स्पर्धा वेगळी आणि पैशांची अट वेगळी.

पैशांच्या नावाने बोटे मोडताना संदेशकर्ता खरा अडसर विसरला आहे, तो म्हणजे मार्गदर्शकाची उपलब्धता. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. राज्यातील विद्यापीठांत अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त असल्यामुळे मानसशास्त्रासारख्या लहान विभागात या नियमांनंतर किती जागा उरत असतील, याची कल्पना करावी. जेआरएफचे पत्र हाती असूनही पीएचडीला नोंदणी होईपर्यंत एक रुपयाही सुरू होत नाही, आणि त्या पत्राची मुदत तर चालूच राहते. म्हणून नेटच्या अर्जाबरोबरच आपल्या विषयाचे मार्गदर्शक कोण, त्यांच्याकडे किती जागा रिकाम्या आहेत आणि ते केव्हा निवृत्त होणार आहेत, याची चौकशी विभागात प्रत्यक्ष जाऊन करावी; ती निकालानंतर केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.