मिशी स्त्रीलिंगी आहे, मग पुढे?

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मराठी-हिंदीसारख्या भाषा चमचा-वाटीलाही पुरुष-बाई करून टाकतात, त्यामुळे लहानपणापासूनच डोक्यात भेदभाव भिनतो, ज्या भाषांत लिंगच नाही तिथे समता नांदते, आणि हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झालंय. हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद टिकत नाही.

‘लिंग नाही, तिथे समता.’ फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांना मिळून ‘ऊ’ हा एकच शब्द. इराणच्या बायकांना त्याचा किती उपयोग झाला, ते २०२२ साली हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेल्यांना विचारा. लांब कशाला, बंगालीतही ‘शे जाय’ म्हटलं की बाप चाललाय की आई, ते कळत नाही. १८२९च्या बंदीआधी सतीच्या सर्वाधिक सरकारी नोंदी झाल्या त्या याच बंगालमध्ये. उलट आइसलँडिक भाषेत मराठीसारखीच तीन लिंगं, आणि जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष तफावतीच्या निर्देशांकात आइसलँड २००९ पासून पहिला. फिनिश भाषेत लिंग नाही आणि फिनलंडमध्ये बायकांना १९०६ सालीच मताधिकार मिळाला, हेही खरं. थोडक्यात, हवं ते उदाहरण हव्या त्या बाजूने काढता येतं.

‘विज्ञानाने सिद्ध.’ बोट दाखवलं जातं ते २००३ साली मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडिट्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रयोगाकडे. त्यात लोकांना वस्तूंचं वर्णन करायला सांगितलं होतं. किल्ली जर्मनमध्ये पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. पुलाचं नेमकं उलट. जर्मनभाषकांनी किल्लीला कडक, जड, दातेरी म्हटलं. स्पॅनिशभाषकांनी सोनेरी, चिमुकली, चमकदार. ऐकायला छान आहे. पण या प्रयोगाची सगळी आकडेवारी शोधनिबंधाच्या रूपात कधी बाहेर आलीच नाही. २०१४ साली इतर संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही निकाल संमिश्र, आणि प्रश्न कसा विचारला यावर बरंचसं अवलंबून. याला कुणी ‘सिद्ध’ म्हणत नाही.

‘वस्तूंची लिंगं समाजाची उतरंड दाखवतात.’ यात थोडं तथ्य आहे: सुरा मोठा, सुरी लहान, गाडा-गाडी, डबा-डबी. पण मग मिशी, दाढी आणि तलवार स्त्रीलिंगी कशी? पदर, अंबाडा आणि पाळणा पुल्लिंगी का? मंगळसूत्र तर नपुंसकलिंगी. मिशीला पीळ देताना बाईपणा जाणवलेला पुरुष मला अजून भेटायचाय. आणि कोल्हापूरकडे बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. कोकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात, म्हणजे चक्क नपुंसकलिंग. हा मजकूर खरा असता तर कोल्हापुरात सासुरवास नसता आणि गोव्यात मुलीच्या लग्नाची काळजी कुणी केली नसती.

भाषेचा परिणाम होतच नाही, असं मात्र नाही. तो वस्तूंच्या लिंगापेक्षा माणसांसाठी वापरलेल्या शब्दांतून होतो. २००८ साली फ्रेंच आणि जर्मन वाचकांवर झालेल्या प्रयोगात व्यवसायाचं नाव पुल्लिंगी अनेकवचनात आलं की वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषच येत, मग तो व्यवसाय बायकांचा मानला जाणारा का असेना. आपल्याकडे लग्नपत्रिका काढून बघा. नवरा मुलगा ‘चि.’, नवरी मुलगी मात्र अक्षता पडण्याआधीच ‘चि. सौ. कां.’. पुढे तो आयुष्यभर ‘श्री.’, ती कु., सौ., नवरा गेला की गं. भा. तिच्या नावामागच्या दोन अक्षरांतून नवऱ्याची हालहवाल गावाला कळते. त्याच्या ‘श्री.’वरून बायको आहे की नाही, हेसुद्धा कळत नाही.

‘व्याकरण बदला, समाज बदलेल.’ स्वीडनचा दाखला दिला जातो, पण तारखा लावून पाहा. बायकांनी तिथे संसदेसाठी पहिलं मतदान केलं १९२१ साली. बापालाही पगारी पालकत्व रजा मिळू लागली १९७४ पासून. ‘हेन’ हे तो-ती दोघांनाही चालणारं सर्वनाम स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत आलं ते २०१५ साली. मराठीत ‘तो’ आणि ‘ती’ काढायचे तर क्रियापदं, विशेषणं, सगळंच हलवावं लागेल. पत्रिकेतलं ‘सौ. कां.’ प्रूफ तपासतानाच खोडता येतं.